वामन, बळी आणि आमचे परीक्षक

आपल्याकडील ग्रंथपरीक्षणाची एक ठरीव चाकोरी आहे. ग्रामीण कादंबरी आली की तीत शेतकऱ्याचे जिणे कितपत उतरले हे पाहिले जाते. दलित आत्मकथन आले की समाजव्यवस्थेला जाब विचारला जातो. विज्ञानकथा हाती पडली की मात्र परीक्षकाची वर्गदृष्टी एकाएकी रजेवर जाते. दिवाळी अंकांच्या परामर्शात तिच्या वाट्याला ‘मनोरंजक व उद्बोधक’ एवढे प्रशस्तिपत्र येते. फारच झाले तर तीतील शास्त्रीय तपशिलांची प्राध्यापकी तपासणी होते. अद्भुतकथेला तेवढीही प्रतिष्ठा नाही. प्रस्थापित समीक्षेने ही उपेक्षा करावी याचे आश्चर्य नाही. पण पुरोगामी म्हणविणारी आमची वर्तुळेही ‘पलायनवाद’ या एका शब्दात साऱ्या प्रकाराचा निकाल लावतात, याला काय म्हणावे?

हे पुण्यात घडावे हा तर विशेष विपर्यास होय. अद्भुतकथा कशी वाचावी याचा वस्तुपाठ याच शहरातील जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त घालून दिला. अवतारकथांतील असंभवाची त्यांनी यथेच्छ टर उडविली. पण भाकडकथा म्हणून त्या झटकून टाकून ते थांबले नाहीत. मासा, कासव, वराह यांच्याआड कोणाची स्वारी दडली आहे, वामनाच्या तीन पावलांत जमीन कोणाची गेली, पाताळात कोणाला गाडले, आणि ही कथा टिकवून लाभ कोणाचा झाला, असे प्रश्न त्यांनी त्या कथांना घातले. त्यांचे सारे ऐतिहासिक निष्कर्ष आज मान्य होतील असे नाही. प्रश्न विचारण्याची ती रीत मात्र आमच्या परीक्षकांना दीडशे वर्षांनंतरही साधलेली नाही.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव जयंत नारळीकरांचे. पुढे पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या या शास्त्रज्ञाने ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. तीतला वामन यंत्रमानव आहे. माणसाने घडविलेला आणि माणसाच्याच डोक्यावर पाय देऊ शकणारा. बळीचे राज्य यावे म्हणणाऱ्या महाराष्ट्रात हे नाव निरुपद्रवी नव्हे. बळीला गाडणाऱ्याचे नाव यंत्राला मिळते तेव्हा नवा बळी कोण, हा प्रश्न उभा राहतोच. कादंबरीत संकट आहे ते सबंध मानवजातीवर, आणि माझा वाद येथेच आहे. यंत्र साऱ्यांवर एकदम येत नाही. आधी ते कोणाच्या तरी रोजीवर येते आणि त्याची मिळकत कोणा दुसऱ्याच्या तिजोरीत जाते. नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली निवर्तले. त्यांचा गौरव उदंड झाला. हा वाद त्यांच्या कादंबरीशी कोणी घातल्याचे माझ्या वाचनात नाही. लेखकाला हारतुरे घालून मोकळे होणे हे परीक्षण नव्हे.

बाहेरच्या जगात हा वाद या वाङ्मयाच्या आतच चालत आला आहे. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये (१८९५) ऐषआरामी वर्ग आणि भूमिगत श्रमिक यांच्या दोन निराळ्या जाती झालेल्या आहेत. चेक नाटककार कारेल चापेकने १९२० साली रूढ केलेला ‘रोबोट’ हा शब्द मुळात वेठीचा वाचक आहे. आम्ही त्याचे ‘यंत्रमानव’ केले आणि वेठबिगार वाटेत गळून पडला! उर्सुला ले ग्विनने ‘कृष्णविवर’च्याच वर्षी, १९७४ साली, खाजगी मालमत्ता नसलेला समाज ‘द डिस्पझेस्ड’मध्ये रंगविला आणि तेथेही लोकमताचा जाच कसा वाढतो हे निर्भीडपणे दाखविले. आमच्या किती अभ्यासवर्गांत ही कादंबरी वाचली गेली? ती परकी म्हणून सोडून देऊ. अरुण साधूंचे ‘सिंहासन’ आमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचीच विज्ञानकादंबरी ‘विप्लवा’ त्यांतील कितीजणांनी उघडली आहे?

एक आक्षेप गंभीर आहे. ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या, तेथे नारायण धारपांच्या भुताखेतांच्या कथांची भलामण करावी काय, असे काही साथी विचारतात. उत्तर असे की, कथाकार ‘ही कथा आहे’ हे मान्य करून भय दाखवितो. बुवा तेच भय सत्य म्हणून विकतो. परग्रहांच्या कथा लिहिणाऱ्या नारळीकरांनीच अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने २००८ साली ज्योतिषांची चाचणी घेतली, आणि त्यांची भाकिते नाणेफेकीहून सरस ठरली नाहीत. कल्पनेचा खेळ आणि विवेक एका डोक्यात सुखाने नांदतात. धारपांना विचारावयाचे ते निराळेच. त्यांच्या कथांत संकट आले की सिद्धी लाभलेला समर्थ धावून येतो आणि सामान्य माणसे हात जोडून बाजूला उभी राहतात. तारणहाराची ही ओढ आमच्या राजकारणातही कमी नाही. भुतांपेक्षा मला तिची धास्ती अधिक वाटते, आणि म्हणूनच धारपांचे परीक्षण साहित्याच्या पानावर गांभीर्याने व्हावयास हवे.

आज हिंजवडीच्या कंपन्या भविष्यकाळाची चित्रे रंगवीतच आहेत. त्या चित्रांत संगणक आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. दारोदार खाद्यपदार्थ पोचविणारा दुचाकीस्वार आणि रात्रपाळीचा सुरक्षारक्षक नाही. येत्या दिवाळी अंकांतील विज्ञानकथा या दोघांना कोठे ठेवतात, हे परीक्षकांनी पाहावे. आणि पुढील अभ्यासवर्गासाठी ‘गुलामगिरी’ व ‘वामन परत न आला’ ही दोन पुस्तके एकत्र लावावीत. दोन्ही वाचून आलेल्यांनीच बोलावे.