घेतलं, पण मत दिलं नाही!



कोणतीही निवडणूक पार पडली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते. "घेतलं सगळ्यांचं, पण मत दिलं मनाला पटलं त्यालाच!" सांगणारा मिशीवर हात फिरवतो, ऐकणारे हसतात, त्याला हुशार ठरवतात. हे वाक्य मीही पुष्कळदा बोललो आहे. ती हकीकत पुढे सांगणार आहेच. पण आधी दिल्लीची गोष्ट सांगतो, कारण घेणाऱ्याने मत कुणाला दिले यावर त्याचा गुन्हा ठरतो का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तोही दोनदा, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले.

साल १९९३. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान होते. लोकसभेत त्या वेळी ५२८ सदस्य, त्यांत काँग्रेसचे २५१. म्हणजे बहुमताला १४ कमी. जुलैमध्ये अविश्वासाचा ठराव आला. २८ जुलैला मतमोजणी झाली तेव्हा ठरावाच्या बाजूने २५१ आणि विरुद्ध २६५ मते पडली. सरकार तरले. पुढे तक्रार झाली, केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला आणि आरोप ठेवला, की झारखंड मुक्ती मोर्चाच्या चार खासदारांना आणि आणखी काहींना ठराव पाडण्यासाठी पैसे चारले गेले. त्या चौघांतलाच एक माफीचा साक्षीदार झाला.

आता गंमत बघा. आपल्या घटनेत १०५ वे कलम आहे. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल खासदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई करता येणार नाही, असे ते म्हणते. आमदारांसाठी असेच १९४ वे कलम. हेतू चांगलाच आहे. लोकांचा प्रतिनिधी सरकारविरुद्ध बोलला म्हणून उद्या त्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत. पण १७ एप्रिल १९९८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला, की ज्यांनी पैसे घेऊन मत दिले त्यांनाही हे संरक्षण आहे. देणाऱ्यावर खटला चालेल, घेणाऱ्यावर नाही. आणि ज्या एका खासदारावर पैसे घेतल्याचा आरोप होता पण ज्याने मतदानच केले नव्हते, त्याला मात्र संरक्षण नाही!

आपल्या भाषेत सांगायचं तर मुकादमाच्या उचलीचा हिशेब लावा. उचल घेऊन जो टोळी घेऊन आला तो सुटला, आणि उचल घेऊन जो फिरकलाच नाही त्याच्यावर खटला. मुकादमाच्या बाबतीत हा न्याय बरोबर आहे, कारण तिथे उचल हा चोख व्यवहार आहे. पण लाचेच्या बाबतीत? ज्याने ठरलेले वाईट काम इमानेइतबारे पुरे केले तो मोकळा! विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनी तेव्हाच या विसंगतीवर बोट ठेवले होते. पण दोनच होते.

देणाऱ्यांच्या बाजूचे म्हणाल, तर खालच्या न्यायालयाने २००० साली नरसिंह राव आणि बूटासिंग यांना दोषी धरले आणि २००२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट होते.

पुढे २०१२ साली झारखंडमध्येच राज्यसभेची निवडणूक झाली. आमदार सीता सोरेन यांच्यावर आरोप आला, की त्यांनी एका अपक्ष उमेदवाराकडून पैसे घेतले आणि मत मात्र आपल्या पक्षाच्या उमेदवाराला दिले. म्हणजे आपले पारावरचे वाक्य! आरोप खरा की खोटा हा भाग निराळा, त्याचा निवाडा पुराव्यावर व्हायचा. प्रश्न कायद्याचा होता. १९९८ च्या निकालाचे संरक्षण त्यांनी मागितले, उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि प्रकरण वर गेले. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने १९९८ चा निकाल रद्द ठरवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लाच स्वीकारली की गुन्हा तिथेच पुरा झाला. पुढे मत ठरल्याप्रमाणे दिले, उलटे दिले की दिलेच नाही, याने काही फरक पडत नाही.

हे वाचले त्या दिवशी मला माझी गोष्ट आठवली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची. बाजूच्या तालुक्यात सासुरवाडीकडून आलेली थोडी जमीन होती, म्हणून तिथल्या कारखान्याचाही मी सभासद होतो. नाव कशाला घेऊ. ऐन हंगामात निवडणूक लागली. फेब्रुवारी उजाडला तरी माझी तोड आली नव्हती, उसाला तुरे आले होते. एका रात्री गटातला एक पुढारी घरी आला. चहा झाला, पाऊसपाणी झालं, आणि उठता उठता म्हणाला, "अण्णा, टोळी परवा लावून देतो तुमच्याकडं. तेवढं आपल्या पॅनेलचं मनावर घ्या." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी टोळी फडात हजर. माझा ऊस वेळेत काट्यावर गेला आणि मत मी समोरच्या पॅनेलला दिले. पुढे कित्येक वर्षे ही फजिती मी चार लोकांत रंगवून सांगत होतो.

सांगत नव्हतो ते एवढेच, की माझ्या बांधाला लागून एका विधवा बाईचा ऊस होता. माझी लागण नोव्हेंबरची, तिची ऑक्टोबरची. पाळी तिची आधी होती. पण शेअर अजून मयत नवऱ्याच्या नावावर, वारसनोंद झालेली नव्हती, म्हणून मतदारयादीत तिचे नाव नव्हते. तिच्याकडे रात्रीचा चहा प्यायला कोण जाणार? तिचा ऊस एप्रिलात तुटला, तोही टोळीला वर पैसे मोजून. तोवर पार वाळून चिपाड झाला होता. वजनात किती घट आली ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मी पैशाला हात लावला नव्हता. आणि या बाजारातली खरी मेख तिथेच आहे. नोटा दिसतात. २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी तर भर लोकसभेत नोटांची पुडकी आणून टेबलावर ठेवली होती, साऱ्या देशाने ती पाहिली. पण मंत्रिपद, महामंडळ, कुणाच्या कर्जाला थकहमी, कुणाची चौकशी लांबणीवर, यांची पुडकी कशी बांधणार? १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की लाच म्हणजे केवळ पैसा नव्हे. पण ते सिद्ध करणे म्हणजे पाण्यातला माग काढणे. पक्षांतराचा कायदा १९८५ ला आला, २००३ ला तो आणखी आवळला, मंत्र्यांच्या संख्येवरही मर्यादा घातली. तरी दोन तृतीयांश आमदार फोडून पक्ष विलीन केला असे दाखवले की वाट मोकळीच राहते.

काही जण म्हणतील, "मेहेरबानी केली तर कुणाचं काय गेलं?" माझी तोड आधी आली ती आभाळातून पडली नव्हती. त्या बाईच्या पाळीतून काढून मला दिली होती. सभागृहातल्या मताची किंमत म्हणून एखाद्या आमदाराच्या मतदारसंघात पाट जातो, तेव्हा तोही कुणाच्या तरी पाळीतूनच जातो. फरक इतकाच की तिथे बांधापलीकडचे माणूस आपल्याला दिसत नाही.

आपल्या कारखान्याबद्दल दोन शब्द. आता तोडीचा निरोप मोबाईलवर येतो, ही सोय चांगली आहे. पण आपला निरोप आपल्याला दिसतो, शेजाऱ्याचा दिसत नाही. कुणाची पाळी कुणाच्या आधी लागली आणि का, हे कळायला मार्ग नाही. लागणीची नोंद कारखान्याकडे तारखेसह असतेच. तीच यादी, तारखेच्या क्रमाने, प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर हंगामभर लावावी, आणि क्रम मोडला तर कारण व मोडणाऱ्याची सही शेजारी असावी. पाणी तुटले, फड पेटला, अशी रास्त कारणे असतात. ती लिहायला कुणाला अडचण नसावी. ज्यांचा शेअर वारसनोंदीत अडकला आहे त्यांची नावेही त्याच यादीत, त्याच क्रमाने हवीत.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी हा ठराव मी लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. पाच-सहा जणांकडे जाऊन आलो, सगळ्यांनी चहा पाजला, ठराव चांगला आहे म्हणाले. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.