राखेच्या बुधवारापासून पातोळ्यांपर्यंत

आपल्या घरी एकादशी आणि संकष्टी पाहून स्वयंपाकाचा बेत ठरतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांत तो मान चर्चच्या पंचांगाला आहे. शेजारधर्माने ही चूल आम्ही अनेक वर्षे पाहत आलो. सोरपोतेल आणि बिबिंक यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली असली तरी ती सणावारांची ताटे. एरवी ही चूल साधीच असते, आणि आम्हांला ओढ आहे ती त्या साधेपणाची.

कार्नावालाची धामधूम ओसरली की राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवशी व उत्तम शुक्रवारी 18 ते 59 वर्षे वयाच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यावे आणि मांस वर्ज्य करावे, असा चर्चचा नियम आहे. अशा दिवशी उकड्या तांदळांची पेज हवी. वाटीभर तांदळांना सात-आठ वाट्या पाणी घालून दाणा फुटेपर्यंत मंद आचेवर ठेवावे, मीठ शेवटी. तोंडी लावायला मिठात दडपलेली कोवळी कैरी, म्हणजे चेपणी. मासळी मात्र या नियमात बसते! आपल्या उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीवर साजूक तूप वाढताना आम्हांला याची हटकून आठवण होते.

ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण येतो. त्या सुमारास मडगावच्या चर्चपाशी पुरुमेंताचे फेस्त भरते. पुरुमेंत हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला. अर्थ, पावसाळ्याची बेगमी. खारी मासळी, आमसुले, चिंच, सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा यांची खरेदी करायला हिंदू गृहिणीही तितक्याच लगबगीने जातात. पुढे जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा हेच साठवण उपयोगी पडते.

आणि मग श्रावणातल्या पातोळ्या. आपण त्या नागपंचमीला करतो. ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला. दोन्ही सणांची वाट हळदीच्या पानांनीच ठरवलेली असावी, असे आम्हांला वाटते, कारण ती पावसातच तरारतात. दोन वाट्या तांदूळ चार-पाच तास भिजवून अगदी कमी पाण्यात वाटावेत, चवीपुरते मीठ घालावे. ओले खोबरे, गूळ व वेलची यांचे चून परतून कोरडेसर करावे. पानावर पीठ पातळ सारवून मधोमध चून घालावे, पान उभे दुमडावे आणि पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. पान खातानाच सोडवायचे. आधी सोडवले तर अर्धा सुगंध वाया जातो.

आमच्या शेजारच्या वृद्ध बाई दरवर्षी 15 ऑगस्टला झाकलेली थाळी पाठवीत आणि नागपंचमीची आमची थाळी त्यांच्याकडे जाई. आज त्या हयात नाहीत, मुले परदेशी आहेत, घराची किल्ली आमच्याकडे असते. विहिरीकडेची हळद मात्र न लावताही आषाढात उगवते. गेल्या वर्षी तीच पाने आणून आम्ही नागपंचमीला पातोळ्या केल्या आणि 15 ऑगस्टला पुन्हा केल्या. दुसऱ्या खेपेस माडाचा काळा गूळ घातला. पिवळा गूळ त्या बाईंना मुळीच चालत नसे.