‘फक्त १ लिहा’ या उपदेशाचा समाचार

बोरी व पंचक्रोशीतील पदवीधर मतदार बंधुभगिनींनो,

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की, ‘आमच्या नावापुढे १ लिहा आणि २ कोणालाही देऊ नका, दिलात तर आमचे मत कमी होते,’ असा उपदेश करीत जे दारोदार फिरतात, ते एक तर मतमोजणीच्या कायद्याविषयी अनभिज्ञ असावेत, किंवा आपला अधिकार अर्धाच वापरला जावा यात त्यांचे हित गुंतलेले असावे.

कायदा स्वच्छ आहे. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते, म्हणजे कोटा, पहिल्या पसंतीत कोणी गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीच्या, रिंगणात उरलेल्या उमेदवाराकडे वर्ग होतात. कोटा पुरा होईपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हा क्रम चालतो. आपला पहिला उमेदवार बाद होईतो आपला २ कोणी पाहतही नाही. मग तो १ ला बाध कसा आणणार? उलट, पहिला बाद झाल्यावर २ नसलेली मतपत्रिका बेवारस मिळकतीसारखी बाजूला पडते.

याच पद्धतीने झालेल्या 1969 च्या राष्ट्रपती निवडणुकीत वराहगिरी वेंकट गिरी यांचे मतमूल्य 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांचे 3,13,548 आणि आपले चिंतामणराव देशमुख यांचे 1,12,769 होते. कोटा होता 4,18,169. देशमुखांसह इतर बाद झाले, तेव्हा त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीने गिरी 4,20,077 वर आणि रेड्डी 4,05,427 वर पोहोचले. देशमुख हरले, परंतु त्यांच्या ज्या मतदारांनी पुढची पसंती नोंदविली होती, त्यांचा शब्द अखेरच्या निर्णयातही मोजला गेला. ज्या मतपत्रिकांवर ती नव्हती, त्यांना त्या निर्णयात स्थान उरले नाही.

म्हणून मतदान केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच, अक्षरांत नव्हे तर अंकांत, एकाच नावापुढे १ लिहा, कारण त्यावाचून मत बाद ठरते. आणि त्यानंतर जे जे आपणांस पटतात त्यांना २, ३ असे अनुक्रम बेलाशक द्या. खूण, सही, अंगठा काही करू नका. पदवीधरांची यादी दर निवडणुकीस नव्याने तयार होते, तेव्हा मागील नोंदणीवर विसंबू नका. अर्ज आजच भरा.

आपला नम्र,
एक पदवीधर मतदार
बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी