डिफ्रॅगमेंटेशन : फुकटचे सॉफ्टवेअर हवेच कशाला?

घरचा संगणक मंदावला की मोफत डिफ्रॅगमेंटेशन सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. हार्ड डिस्कवर फाइल्स पुसल्या-लिहिल्या जाताना एकाच फाइलचे तुकडे इतस्ततः विखुरतात. ते गोळा करताना फिरत्या तबकडीवर वेळ जातो. तुकडे पुन्हा सलग मांडण्याचे काम एकेकाळी आठवणीने करावे लागे. (विंडोज ९८च्या पडद्यावर सरकणारे रंगीत चौकोन पाहत बसण्यातही एक मौज होती!) मात्र २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ते वेळापत्रकानुसार आपोआप होते.

एसएसडी असेल तर प्रश्नच उरत नाही. तिच्यात फिरणारी तबकडी नाही. वारंवार डिफ्रॅगमेंटेशन केल्यास लाभ नगण्य आणि झीज मात्र होते.

फुकटाची खरी किंमत अन्यत्र आहे. असे सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्कवर अधिकार मागते आणि त्याच संगणकावर नेटबँकिंगचा पासवर्ड टाइप केला जातो. ‘डिफ्रॅगलर’ हे मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्या पिरिफॉर्म कंपनीच्याच ‘सीक्लीनर’च्या अधिकृत आवृत्तीत २०१७ मध्ये घातक प्रोग्राम शिरला आणि वीस लाखांहून अधिक संगणकांपर्यंत पोहोचला. नामांकित उत्पादनाची ही गत, तर अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरची हमी कोणी द्यावी?

जुनी हार्ड डिस्क वापरणाऱ्याने विंडोजमधीलच ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्‌ज’ उघडून वेळापत्रक चालू आहे ना, एवढे पाहावे. तरीही वेग वाढला नाही, तर डिस्क काठोकाठ भरलेली नाही ना, हे तपासावे. बहुधा लग्नसमारंभांच्या चित्रफितीच तिथे ठाण मांडून बसलेल्या असतात.