मधली खुर्ची कोणाची?

होम थिएटर घेतलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न विचारतात. केवढ्याला पडलं? किती वॉटचं आहे? बेस कसा आहे? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही : घरातल्या कोणाकोणाला नीट ऐकू येतं?

हा लेख त्या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या घरांत टॉवर स्पीकर ज्या पद्धतीनं मांडले जातात ती पद्धत एका माणसासाठी आहे. बहुतेक वेळा तो माणूस पैसे देणारा असतो. कधीकधी तर ती त्याच्यासाठीही नसते, फक्त फर्निचरसाठी असते.

नवापुरात गेल्या काही वर्षांत जी नवी स्लॅबची घरं झाली, त्यातल्या कुठल्याही हॉलमध्ये जा. खाली चकचकीत टाइल्स, समोर टीव्ही युनिट, एका बाजूला मोठी काच आणि युनिटच्या दोन्ही टोकांना, अगदी कोपऱ्यात भिंतीला पाठ चिकटवून उभे केलेले दोन काळे टॉवर. देवळाच्या दारातल्या द्वारपालांसारखे. तोंड सरळ समोर, म्हणजे कोणाकडेच नाही. माल शंभरेक किलोमीटरवरच्या सुरतेतून आलेला. दुकानात गालिचा होता, पडदे होते, तिथे छान वाजला. घरी आल्यावर हीरोचा ट्रक गरजतो आणि हिरोइन काय बोलली ते कळत नाही. मग आवाज वाढवा. मग ट्रक आणखी गरजतो. मग सबटायटल लावा. मराठी सिनेमाला!

मित्रांच्या, नातेवाइकांच्या घरी हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलंय, की आता चहा यायच्या आत माझी नजर स्पीकरच्या पाठीमागे जाते. बहुतेक वेळा तिथे चार बोटं जागा असते. पुष्कळ टॉवरना मागे हवेचं भोक असतं, ते भिंतीनं बुजलेलं असतं.

यामागे साधं गणित आहे. खालचे स्वर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागे गेलेला स्वर भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे जाणाऱ्या स्वराला भेटतो. ज्या स्वराच्या लाटेची चौथाई लांबी स्पीकरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतराएवढी असते, तो परत येताना नेमका उलटा होऊन येतो आणि मूळ स्वराला खातो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरा. टॉवर भिंतीला टेकवला तरी पेटीच्या खोलीमुळे त्याचं तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटर तरी पुढे असतं. हिशोब केला तर खड्डा पडतो २१४ हर्ट्झच्या आसपास. आता बायकांच्या बोलण्याचा मूळ स्वर बघा : साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ. खड्डा बरोबर त्याच पट्ट्यात. आणि त्याच्या खालचा सगळा बेस मात्र भिंत आणि कोपरा मिळून फुगवतात. म्हणजे कोपऱ्यातला टॉवर पुरुषाची गर्जना मोठी करतो आणि बाईचं बोलणं पोकळ करतो. हे मी रूपक म्हणून सांगत नाही, टेपनं मोजून बघता येतं.

तोच स्पीकर ओढून त्याचं तोंड भिंतीपासून मीटरभर आणा. खड्डा ८६ हर्ट्झपर्यंत खाली सरकतो, बोलण्याच्या वाटेतून बराचसा बाजूला होतो. खर्च शून्य रुपये.

‘एवढी जागा कुठंय?’ हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये मीटरभर पुढे आलेले दोन खांब म्हणजे रोज झाडू मारणाऱ्या बाईला शिक्षा आणि धावणाऱ्या पोराच्या कपाळाला टेंगूळ. माझं उत्तर कडू आहे : मग टॉवर घेऊच नका. भिंतीवर लागणारे छोटे स्पीकर घ्या. ते पातळ असतात, त्यामुळे तो खड्डा वरच्या स्वरांकडे सरकतो, आणि तिथे स्पीकर मागे फारसा आवाज टाकतच नाही. उरलेल्या पैशात एक सबवूफर येईल, तो कुठेही सरकवता येतो. पण छोटा स्पीकर घेतला तर आलेल्या पाहुण्याला दिसत नाही ना! खरी अडचण ती आहे. टॉवर ऐकायला कमी आणि दाखवायला जास्त घेतले जातात. आमच्याकडे एके काळी काचेच्या शोकेसमधला कधीच न वापरलेला टी-सेट जे काम करायचा ते आता टॉवर करतात.

आता कोनाकडे येतो, कारण माझं मुख्य भांडण तिथे आहे.

हाय-फायच्या पुस्तकी नियमात दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही तीच : डावा-उजवा स्पीकर मध्यापासून ३०-३० अंशांवर, मधला स्पीकर समोर, मागचे १०० ते १२० अंशांवर. नियम बरोबर आहे. पण त्यातला ‘ऐकणारा’ एकवचनी आहे. त्रिकोणाच्या टोकाला एकच खुर्ची मावते. शौकीन लोक तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात आणि त्या गोड जागी कोण बसतो हे सांगायला नको. आजी दिवाणावर, भिंतीकडेला. आई स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण तिला मधेच उठायचंय. पोरं खाली, टीव्हीच्या पुढ्यात. मधोमध बाप, हातात रिमोट.

हा त्रिकोण काही निसर्गाचा कायदा नाही. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइननं स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो सिनेमाचा विचार करून. नट पडद्यावर चालतो इकडून तिकडे, आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकलं होतं. १९३३ मध्ये अमेरिकेत बेल लॅबनं फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला तेव्हा दोन नव्हे, तीन वाहिन्या वापरल्या : डावी, मधली, उजवी. का? कारण सभागृहात माणसं होती, कडेच्या खुर्च्यांवरही. कडेच्या माणसाला मधला आवाज मधूनच यावा म्हणून मधला स्पीकर. मग घरी दोनच का आले? १९५० च्या दशकाच्या शेवटी स्टिरिओ तबकडी बाजारात आली आणि तिच्या एका खोबणीला दोन भिंती होत्या, म्हणून. तबकडीच्या खोबणीत दोनच आवाज मावले आणि त्यापायी घरोघरी एक मधली खुर्ची तयार झाली. पुढे आपण त्या खुर्चीलाच शास्त्र समजलो.

यातून बाहेर पडायची एक वाट आहे, तिलाही पैसे लागत नाहीत. स्पीकर सोफ्याकडे नव्हे, सोफ्याच्या पुढे एकमेकांना छेद देतील असे आत वळवा.

उदाहरण घेऊ. दोन टॉवर सात फूट अंतरावर, सोफा त्यांच्या रेषेपासून आठ फुटांवर, आणि आजी मधोमध नाही, अडीच फूट उजवीकडे बसलेली. उजवा स्पीकर तिच्यापासून आठ फुटांवर, डावा दहा. डाव्याचा आवाज तिला पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा उशिरानंसुद्धा कान ठरवतो की आवाज उजवीकडूनच आला, कारण जो आधी पोचतो त्याची दिशा खरी मानायची कानाची सवय आहे. आता दोन्ही स्पीकर द्वारपालासारखे सरळ तोंड करून असतील, तर आजी उजव्याच्या अक्षापासून ७ अंश बाजूला आणि डाव्याच्या अक्षापासून ३७ अंश बाजूला. बारीक, तिखट स्वर अरुंद झोतात जातात, म्हणून डावा तिच्यासाठी उशिराही आणि मंदही. दोन्हीकडून मार.

तेच स्पीकर ४० अंश आत वळवा. आता डावा जवळजवळ नेमका आजीकडे बघतो, अक्षापासून फक्त ३ अंशांवर. उजवा, म्हणजे जवळचा, ३३ अंश बाजूला जातो आणि तिच्यासाठी मंदावतो. लांबचा आवाज उशिरा येतो, पण ठसठशीत येतो. हिशोब पूर्ण फिटत नाही, पण बराचसा फिटतो. डाव्या टोकाला आई बसली असेल तर तिच्यासाठी हेच उलट्या बाजूनं घडतं. मधल्या खुर्चीचं थोडं नुकसान होतं : तिथला रेखीवपणा किंचित पुसट होतो. होऊ दे की. बापानं आजवर घरात पुष्कळ रेखीव ऐकलंय.

आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे घोषणा चार भाषांत होतात : मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. फलाटावर उभ्या असलेल्या कोणाचीही गाडी चुकू नये, एवढंच त्यामागचं गणित. हॉलमध्ये एकाच कुटुंबाची पाच माणसं असतात, तरी हे गणित कोणाला सुचत नाही.

उंचीचं तर कोणी बोलतच नाही. कंपनीवाल्यांनी ट्वीटर साधारण तीन फुटांवर बसवलेलं असतं, सोफ्यावरच्या माणसाच्या कानाशी. पण आपल्याकडे सोफ्यावर असतात दोघं-तिघं, बाकीचे सतरंजीवर. मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचा कान सव्वादोन-अडीच फुटांवर असतो, लहान पोराचा त्याहून खाली. पाच फुटांवर बसलेलं पोर ट्वीटरच्या अक्षाखाली १५ अंशांवर जातं. एकावर एक बसवलेले स्पीकर अशा खालच्या कोनातून एकमेकांशी नीट जुळत नाहीत, बोलण्यातले स, श, त, ट पुसट होतात. उपाय? टॉवरच्या मागच्या पायांखाली एक इंचाची लाकडी पट्टी. बारा इंच खोलीच्या पेटीला त्यानं पाच अंशांचा कल येतो. त्याहून जास्त नको, आणि घरात पोरं असतील तर पेटीला मागून पट्टा लावून भिंतीत अडकवा, उंच पेटी पडते. कोण कुठे बसतं हे आपल्या घरात मान आणि वय ठरवतं. पट्टी कोणासाठी घालायची हे म्हणूनच ठरवावं लागतं, आपोआप ठरत नाही.

मधल्या स्पीकरची कथा आणखी वाईट. सगळे संवाद त्याच्यातून येतात आणि त्यालाच फर्निचरवाला युनिटच्या खणात, आत ढकलून बसवतो, वर दत्ताची तसबीर. त्याला खणाच्या काठापर्यंत पुढे ओढा, तोंड थोडं वर करा. शिवाय बहुतेक मधले स्पीकर आडवे असतात, दोन वूफर दोन टोकांना. असा आडवा स्पीकर कडेच्या माणसासाठीच बिघडतो, कारण दोन वूफरचे आवाज तिथे मागेपुढे पोचतात आणि एकमेकांना खातात. तो आडवा का? टीव्ही आडवा आहे म्हणून. इथेही फर्निचर जिंकलं.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळं शहरी चोचले, आपल्याला दणका लागतो. लग्नात पिकअपवर रचलेली डीजेची भिंत वाजते तेव्हा नाचतोच ना आपण? नाचतो. मीही नाचतो. पण मोकळ्या मैदानात आवाजाला परत पाठवणारी भिंत नसते. अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलनं उतरतो आणि पुढे शेतात विरून जातो. हॉलमध्ये तो कुठेच जात नाही. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो, दहा फुटांत ५६ चा. खोली चौरस असेल तर दोन्हीकडचे एकाच स्वरावर येतात. कोपऱ्यातला स्पीकर नेमके हेच स्वर सगळ्यात जास्त चेतवतो. आणि ते भिंतीपलीकडे जातात, तिथे शेजारची मुलगी परीक्षेचा अभ्यास करत असते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लोकांना फक्त मिरवणुकीपुरते वाटतात. पण खासगी साउंड सिस्टीमचा आवाज घराच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेच्या पाच डेसिबलपेक्षा वर जाऊ नये, हेही त्यातच आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५.

डीजेच्या आधीही आपल्या जिल्ह्यात मोठा आवाज होताच. होळीला ढोल मधे असतो आणि माणसं त्याच्याभोवती फेर धरतात. त्या मांडणीत मधली खुर्ची नसते. जुन्या घरांचंही तसंच : शेणानं सारवलेला कुडाचा भिंताडा आवाज काही पितो, काही बाहेर सोडतो. टाइल आणि काच सगळा परत फेकतात. नवं घर पाडा असं मी म्हणत नाही. घरात गोधड्या आहेत ना? एकाला भिंतीशी आरसा धरून सरकायला सांगा, तुम्ही आपल्या जागी बसा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे गोधडी टांगा. आजीच्या हातची असेल तर पाहुण्यांना दाखवताही येईल.

एक विनोद मला मुळीच आवडत नाही. जगभरच्या शौकिनांत तो चालतो : स्पीकर कुठे ठेवायचे हे ‘बायकोला चालेल का’ यावर ठरतं. जणू तिला कानच नाहीत, फक्त धूळ दिसते. एका घरी मी टॉवर पुढे ओढत होतो, मित्राची आई म्हणाली, ‘भाऊ, तिथं नको, मला रांगोळी काढायला जागा लागते.’ मी विचारलं, ‘काकू, तुम्ही सिनेमा कुठून बघता?’ त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. ‘तिथून. पण ऐकू येत नाही, नुसतं बघते.’ पाच वर्षं त्या नुसतं बघत होत्या.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे कानात इअरफोन घालून वाचायला घेतलं असेल. इअरफोनमध्ये प्रत्येकाला स्वतःचा स्वीट स्पॉट मिळतो, कोन लागत नाही, भिंत लागत नाही. मग हॉलमध्ये स्पीकर हवेत कशाला? एकत्र ऐकण्यासाठी, दुसरं काही कारणच उरलेलं नाही. आणि ते एकाच खुर्चीसाठी लावायचे असतील तर हजारभराचा हेडफोन घ्या, पैसेही वाचतील.

‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत खऱ्या वाद्यवृंदानं वाजवलं. त्यातली व्हायोलिनं कुठे बसलीयत हे कळायला दणका लागत नाही. पण तपासायला मी तो सिनेमा लावत नाही, ‘कोर्ट’ लावतो. न्यायालयाचे प्रसंग, कागदांची सळसळ, पंख्याखालची कुजबुज. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवायचा. आधी मधे बसायचंच नाही. पहिली दहा मिनिटं स्वयंपाकघराच्या दाराशी, मग दिवाणाच्या कडेला, मग सतरंजीवर पोरांच्या शेजारी. प्रत्येक ठिकाणी वकील काय म्हणाला ते सबटायटल न वाचता कळलं, तर स्पीकरच्या पायांभोवती खडूनं खूण करा. नाही कळलं, तर पुन्हा वळवा.