वळताना 'खट्' वाजतं, म्हणजे नेमकं काय?

घरातल्या यंत्रांचे आवाज आपल्याला पाठ असतात. मिक्सर नुसताच गरगरतोय आणि भांड्यातली चटणी जागची हलत नाही, म्हणजे कपलर झिजलं, हे आपण बाहेरच्या खोलीतून ओळखतो. वॉशिंग मशीन धडधडायला लागलं, की कपडे एका बाजूला गोळा झाले असणार हे कुणी सांगावं लागत नाही. पण गाडीनं वळताना पुढून 'खट्' केलं, की आपण गाण्यांचा आवाज वाढवतो आणि संध्याकाळी घरी सांगतो, "अहो, गाडी काहीतरी वाजतेय." या 'काहीतरी'लाच माझी हरकत आहे.

आमच्या बचत गटातली एकजण कर्ज काढून घेतलेली ईको व्हॅन चालवते. शाळेची मुलं ने-आण करते. गेल्या पावसाळ्यानंतर तिची गाडी वळणावर वाजायला लागली. नवरा म्हणाला, "तुला भास होतो." गॅरेजवाला म्हणाला, "वहिनी, दादांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मग दादांशी बोलून त्यानं पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले. बिल भरलं, आवाज मात्र होता तिथंच. तेव्हा या बाईनं मुलांच्या हजेरीच्या वहीतच मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. आवाज कधी येतो, कुठल्या वळणावर येतो, गाडी भरलेली असताना की रिकामी असताना. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. फक्त उजवीकडे वळताना, कमी वेगात, मुलं बसलेली असताना आणि रस्ता खराब असेल तर हमखास. ती वही घेऊन ती दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्यानं गाडीचं पुढचं डावं चाक उचललं, खालच्या आर्मखाली पहार घालून रेटलं आणि तिला म्हणाला, "ताई, हे बघा." बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. तो निसटला असता तर चाक बाहेरच्या बाजूला लोळलं असतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं असतं. व्हॅनमध्ये मुलं असतात, म्हणून हे सविस्तर सांगतेय.

मी कला शाखेची पदवीधर. मशीनचं मला वावडंच होतं. पण त्या दिवशी त्या मिस्त्रीकडे तासभर बसून जे समजून घेतलं, ते काही फार अवघड नाही.

ऑल्टो, वॅगन आर, ईको किंवा 2014 मध्ये बनायची थांबलेली आणि अजूनही आपल्या गल्ल्यांतून दिसणारी मारुती 800, यांच्या पुढच्या प्रत्येक चाकाशी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एक उभा खांब असतो. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली रबराच्या माउंटिंगमध्ये बसवलेलं असतं. खालच्या बाजूला चाक लोअर आर्मला बॉल जॉइंटनं जोडलेलं असतं, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखं. स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर हा खांबही फिरतो. शिवाय गाडी वळताना तिचं वजन बाहेरच्या चाकावर झुकतं. म्हणून सरळ रस्त्यावर गप्प बसलेला ढिला भाग वळणावर बोलायला लागतो. उजवीकडे वळताना आवाज येत असेल, तर बहुधा डाव्या बाजूला बघायचं, ते यामुळेच.

सगळ्यात आधी मात्र डिकी रिकामी करा. सैल जॅक, स्टेपनी, दाराच्या खणातली पाण्याची बाटली यांनी भल्याभल्यांना गॅरेजच्या वाऱ्या करायला लावल्या आहेत. आणि पंक्चर काढल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल, तर पुढं एक किलोमीटरही न जाता चाकाचे नट पान्ह्यानं तपासा. ही गोष्ट उद्यावर टाकायची नाही.

मग मोकळं मैदान बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा, नंतर दुसऱ्या बाजूला. 'कट-कट-कट' असा सलग आवाज आला आणि वेग वाढवला की तोही भरभर यायला लागला, तर ते एक्सलच्या सीव्ही जॉइंटचं लक्षण. त्यावर घड्यांचं काळं रबरी बूट असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी बंद केली, की चाकाच्या मागे वाकून ते दिसतं. बूट फाटलं की ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि सांध्यात धूळ-पाणी शिरतं. फाटलेलं बूट वेळेत सापडलं तर नवं बूट आणि ताजं ग्रीस एवढ्यावर भागतं. आवाज सुरू झाल्यावर बहुतेक वेळा जॉइंटच बदलावा लागतो. ईको आणि जुन्या ओम्नीला मात्र हा प्रकार पुढं नसतोच, कारण त्या गाड्यांना इंजिनची ओढ मागच्या चाकांना मिळते. व्हॅन असेल आणि कुणी "पुढचा एक्सल गेलाय" म्हणालं, तर शांतपणे "दाखवा बरं" म्हणायचं.

गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं तरी 'टण्' किंवा 'खटक्' होतंय? मग वरच्या माउंटिंगवर किंवा त्यातल्या बेअरिंगवर संशय घ्या. ते अडकलं की स्प्रिंग पिळते आणि उसळी मारून सुटते. घरातल्या कुणाला तरी हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेटमधल्या कोपऱ्यातल्या त्या घुमटीवर अलगद हात ठेवा. धक्का हाताला कळतो. पदर, ओढणी, मोकळी वेणी आधी खोचून घ्या. रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो. आणि बोटं स्प्रिंगमध्ये घालायची नाहीत.

ब्रेक दाबताना एकदा 'धप्' आणि रिव्हर्स घेताना पुन्हा एकदा 'धप्' होत असेल, तर लोअर आर्मचे बुश बघायला सांगा. वळताना एक चाक खड्ड्यात गेलं की वाजतंय, दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकर चढताना फारसं वाजत नाही, तर स्टॅबिलायझर बारचे बुश किंवा लिंक. स्टिअरिंगमध्येच खेळ जाणवत असेल, गाडी रस्त्यावर भरकटत असेल, तर टाय रॉड एंड. आवाजाबरोबर गाडी एका बाजूला ओढतेय असं वाटलं, तर ती चालवत नेऊ नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा.

बाकी चाक उचलून हलवून बघणं हे मिस्त्रीचं काम. फक्त ते आपल्यासमोर करायला सांगा. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली आपणही जायचं नाही आणि घरातल्या हौशी मंडळींनाही जाऊ द्यायचं नाही.

स्कूटीवाल्या मैत्रिणींसाठीही थोडं. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी 'टक्' झालं तर कोनसेट ढिला आहे. मेन स्टँडवर लावून, पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळू फिरवताना मध्येच अडकल्यासारखं वाटलं, तर तो झिजलेला आहे.

गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. त्यांच्या दारात गाडी गेली की ती नेमकी गप्प बसते, आणि गिऱ्हाईक "काहीतरी वाजतंय" एवढंच म्हणतं. मग ते बिचारे अंदाजानं एकेक पार्ट बदलत जातात आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे आपण भरतो. राग आहे तो "दादांना पाठवा" या वाक्याचा. गाडी जी चालवते, आवाज तिनंच ऐकलेला असतो. दादांना तो ऐकीव माहितीतून कळलेला. आणि तक्रार आहे ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांबद्दल. आठचा आकडा काढायला शिकवतात, लायसन्स हातात देतात, पण बॉनेट उघडून पाच मिनिटं दाखवत नाहीत. बायकांच्या बॅचला तर नाहीच नाही. आम्ही आता गटाच्या मासिक बैठकीला त्या मिस्त्रीदादांनाच बोलावणार आहोत, पापडाच्या हिशेबानंतरचा एक तास.

गॅरेजला जाताना वही न्या. मिस्त्रीला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवा, त्याच वळणावर आवाज ऐकवा. काय बदलणार आणि का, हे आधी कागदावर लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा आणि नव्याशेजारी ठेवून बघा. टाय रॉड एंड, आर्म किंवा खांबाचं काम झालं असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतात. आणि पैसे देण्याआधी एकदा पुन्हा त्याच वळणावरून, तेवढ्याच वेगानं, काचा खाली करून गाडी चालवून या.