आरतीची वही

चवथीला गोंय सोडून जाणारा माणूस आमच्याकडे जरा संशयानंच पाहिला जातो. मी मात्र आमचा पाच दिवसांचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी बडोद्याची गाडी पकडली. मावशी ऐंशीच्या पुढे गेलीय, नागरवाड्यात राहते, आणि दर वर्षी फोनवर एकच वाक्य ऐकवते: "आमचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, तुला यायला काय होतं?" यंदा कार्यालयात रजा शिल्लक होती. गेलो.

नागरवाडा हे नाव ऐकलं की वस्ती नागर लोकांची असणार असं वाटतं. मावशीच्या गल्लीत मात्र एका दारावर जोशी, पुढच्यावर शाह, त्याच्यापुढे पवार. शेजारच्या बेन मावशीला 'माशी' म्हणतात. त्यांनी वाटीतून डाळ आणली की मावशी विचारणार, "आज साखर किती किलो घातलीस?" आणि त्या उत्तर देणार, "तुमच्या वरणात नाही ती सगळी." हे म्हणे चाळीस वर्षं चाललंय. दोघींपैकी एकीलाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

संध्याकाळी आरतीला उभे राहिलो. मावसभावाची मुलगी, वय अकरा, हातात वही घेऊन पुढे. गणपतीची झाली, देवीची झाली, विठ्ठलाची झाली. शब्द स्वच्छ, चाल तीच जी माझ्या आईची. 'च' आणि 'ज' तेवढे किंचित गुजराती वळणाचे. आरती संपल्यावर सहज वही हातात घेतली आणि थबकलो. सगळ्या आरत्या गुजराती लिपीत! डोक्यावरची रेघ नसलेली ती गोल गोल अक्षरं. शब्द आमचे, अंगरखा त्यांचा.

मावसभावाची बायको गुजराती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं म्हटलं आणि हिनं लिहून घेतलं, आपल्याला येत होतं त्या लिपीत. आता मुलगी त्याच वहीतून म्हणते. मला देवनागरी वाचायची सवय, म्हणून तोंडातून निघून गेलं, "अगं मावशी, निदान आरती तरी मराठीत लिहून द्यायची!"

मावशी निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरून उभी होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "मराठीतच आहे ती. आणि तिनं लिहिली तरी. तू आणलीस का कधी गोव्याहून देवनागरीतली?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरतीचं दहा रुपयांचं पुस्तकसुद्धा मी कधी नेलेलं नाही. काजू तेवढे नेले.

त्या रात्री झोप लागेना. मी गोव्यातला मराठीवाला. माझ्या लहानपणी राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं आणि आमचं घर मराठीच्या बाजूचं. १९८७ चा राजभाषा कायदा आला. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करायला मुभा मिळाली. रोमी लिपीतली कोकणी मात्र कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, आणि त्याबद्दलची तक्रार आजही तियात्राच्या रंगमंचावरून आणि सभांतून ऐकू येते. खरं सांगायचं तर त्या तक्रारीकडे मी नेहमी थोडं हसून पाहिलं. भारतीय भाषा आणि रोमन अक्षरं? हे कसलं संस्कृती जपणं, असं मला वाटायचं. आणि इथे माझ्याच मावशीच्या देव्हाऱ्यापुढे मराठी आरती परक्या लिपीत उभी होती. ती मात्र मला मराठीच वाटली. मग बार्देशातल्या ख्रिस्ती आजीचं रोमी प्रार्थनापुस्तक मला कोकणी का वाटू नये?

आणखी एक गोष्ट आठवून तर मी अंथरुणातच ओशाळलो. आम्ही मराठीवाले गोव्यात कुठेही भाषण ठोकताना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चं नाव घेतोच घेतो. १६१६ साली राशोल इथे छापलेलं मराठी काव्य! अभिमान योग्यच आहे. पण ते छापलं गेलं कुठल्या लिपीत? रोमन. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं रोमीतलं मराठी आमचा वारसा, आणि शेजाऱ्याचं आजचं रोमीतलं कोकणी उपरं. हा हिशोब कुठल्याही लेखापरीक्षणात टिकणार नाही.

लिपीचा हा पेच आपल्यापुरताच आहे असंही नाही. आमच्याकडे 'नायजेरियन' या एका शब्दात अख्खा पश्चिम आफ्रिका गुंडाळून टाकायची पद्धत आहे. त्या भागाबद्दल थोडं वाचलं तर आपण कशाला हसतो तेच कळेनासं होतं. सेनेगालमध्ये कचेरीची भाषा फ्रेंच. पहिले राष्ट्राध्यक्ष सेंगोर स्वतः फ्रेंचमधले मोठे कवी. पण बाजारात, बसमध्ये, घरात चालते ती वोलोफ. ही वोलोफ शाळा-कचेऱ्यांच्या वळणाने रोमन लिपीत लिहिली जाते, आणि धार्मिक काव्याच्या जुन्या परंपरेत अरबी लिपीत. ज्याला फ्रेंच येत नाही तो सरकारदरबारी निरक्षर ठरतो, पण अरबी अक्षरांत तो आपल्या भाषेत पत्र लिहितो, हिशोब ठेवतो. त्याला अडाणी म्हणायचं का? शेजारच्या गिनीतले सोलोमाना कांते यांना ही परक्या अक्षरांची उसनवारी मान्य नव्हती. आफ्रिकेच्या भाषा लिहिण्याजोग्या नाहीत, असं कुणीतरी लिहिलेलं त्यांच्या वाचनात आलं म्हणतात. त्यांनी १९४९ मध्ये मांदे भाषांसाठी 'न्को' नावाची नवी लिपीच तयार केली. तिच्यात पुस्तकं निघाली, शाळा चालल्या. एकाच प्रदेशात उसनी लिपी वापरून भाषा जगवणारेही आहेत आणि नवी लिपी घडवून जगवणारेही. कोण जास्त अस्सल, हे लांबून ठरवणारे आपण कोण?

१९४९ हे साल बडोद्याच्या बाबतीतही महत्त्वाचं. त्या वर्षी १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झालं आणि अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या मागोमाग आलेली मराठी माणसं राज्यकर्त्यांच्या भाषेतून अल्पसंख्याकांच्या भाषेत आली. सत्तेची भाषा सत्ता गेली की सुकते, असं म्हणतात. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं कारण मला सत्तेच्या काळातच दिसतं.

सयाजीराव महाराज तिसरे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, दत्तक येऊन गादीवर बसलेले. राजघराणं मराठी, प्रजा बहुतांश गुजराती. त्यांनी काय केलं? सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये राज्यभर नेलं. १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं. आणि आम्हा कारकून मंडळींना हेवा वाटावा असं एक काम म्हणजे १९३१ चा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू'. इंग्रजी प्रशासकीय शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द एकाच ग्रंथात शेजारी शेजारी. मी रोज इंग्रजीत टिपणी लिहितो आणि आलेल्या माणसाला कोकणीत किंवा मराठीत तोंडी समजावतो. भाषा एकमेकींशेजारी बसवणारा तो कोश तेव्हा फार आठवतो. महाराज स्वतः १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बडोद्यात संमेलन १९०९, १९२१, १९३४ मध्ये भरलं आणि नंतर थेट २०१८ मध्ये. मराठीवर प्रेम करायला त्यांना गुजरातीला खाली बसवावं लागलं नाही.

दांडिया बाजारातल्या आखाड्याचंच बघा. त्याचं नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. उस्ताद मुसलमान, त्यांची गादी पुढे चालवणारे राजरत्न माणिकराव मराठी, आणि शहर गुजराती. आणि सेव-उसळ! बडोद्यात सकाळी-संध्याकाळी लोक जी गाड्यांवर उभे राहून खातात ती वाटाण्याची उसळ, वरून सेव आणि 'तरी'. ती खाणारा गुजराती माणूस 'तरी' हा शब्द कुठून आला ते विचारत नाही. विचारायची गरजही नाही.

पण हे सगळं लिहिताना बडोद्याचं गोड चित्र रंगवून थांबलो तर खोटं होईल. याच शहरात १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर नोकरीवर रुजू झाले. १९१३ मध्ये महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं. परत आल्यावर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही हाकलले गेले. कचेरीत शिपाई लांबून त्यांच्या टेबलावर फायली टाकत. शेवटी ते कामाठी बागेत, आताच्या सयाजीबागेत, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले. मी आयुष्यभर फायली उचलल्या-ठेवल्या आहेत. ती लांबून टाकलेली फाईल मला नीट दिसते. गुजराती, मराठी, पारशी, सगळ्यांच्या संस्कृतीचं त्या एका बाबतीत एकमत होतं. संस्कृती माणसाला ओळख देते हे खरं, पण दार कुणाला उघडायचं नाही हेही तीच शिकवते. म्हणून 'आपली संस्कृती जपा' असं कुणी म्हणालं की मी आता विचारतो, तिच्यातलं नेमकं काय?

मला जपण्यासारखं वाटलं ते मावशी आणि शेजारच्या बेन यांच्या डाळीच्या भांडणातलं. सेनेगाल आणि माली या देशांत अशा भांडणाला रीतसर जागा आहे. अमुक आडनावाच्या माणसानं तमुक आडनावाच्या माणसाची टर उडवायची, आणि त्यानं रागवायचं नाही, उलट तोंडभर उत्तर द्यायचं. सेनेगालात दियोप आणि न्दियाय ही अशीच एक जोडी. मालीत 'तू चवळी खाणारा' म्हणजे कडधान्यावर जगणारा, ही ठरलेली थट्टा. अनोळखी माणसं भेटली, आडनावं कळली की थट्टा सुरू आणि परकेपणा संपला. ही रीत तिथे शेकडो वर्षं जुनी मानतात आणि वेगवेगळ्या जमातींमध्येही ती चालते. भांडण पेटण्याआधीच त्याची वाफ काढून टाकायची, अशी ती सोय. अर्थात त्या देशांत यादवी झालीच नाही असं नाही, नुसत्या थट्टेने सगळं भागत नाही. पण दुसऱ्याच्या ताटावर हसताना त्याच्याच ओट्यावर बसलेलं असावं लागतं, एवढं मात्र त्यातून शिकण्यासारखं आहे. गोव्यात आम्ही रोमीवर हसलो ते आमच्या ओट्यावरून.

एक भीती मनात आहे आणि ती लपवत नाही. ती अकरा वर्षांची मुलगी आरती म्हणते, पण मावशीच्या कपाटातली मराठी पुस्तकं तिला वाचता येत नाहीत. माधव ज्यूलियनांचा जन्म या बडोद्यातला, कवी चंद्रशेखर इथे राहिले, ही नावं तिच्यासाठी रस्त्यावरच्या पाटीइतकीही नाहीत. वहीनं आरती वाचवली, पुस्तकं वाचवायला वही पुरणार नाही. लिपी गेली की मागचं साहित्य कुलूपबंद होतं, हे आपण मोडीच्या बाबतीत पाहिलंय. आज आजोबांच्या दफ्तरातला मोडी कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. तेव्हा लिपीचं काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणणार नाही. पण देवनागरी त्या मुलीला शिकवायची तर आईची वही चुकीची ठरवून नाही. ती वही शेजारी ठेवून, अक्षराला अक्षर लावून. गुजराती येणाऱ्याला देवनागरी शिकायला कितीसा वेळ लागतो?

निघताना मी तिला विचारलं, शाळेत कुणी विचारलं तर तू स्वतःला काय म्हणवतेस? मराठी की गुजराती? मावशी स्वयंपाकघरातून कान देऊन होती. मुलगी म्हणाली, "काका, मी बडोद्याची." हिराबाई बडोदेकरांच्या नावात जे आहे तेच तिनं सांगितलं. आमच्याकडेही माणूस आधी 'हांव गोंयकार' म्हणतो आणि मग बाकीचं.

घरी आल्यावर पणजीच्या बाजारातून आरतीसंग्रह घेतला, मोठ्या टाइपातला. सोबत एक दुरेघी वही. पहिल्या पानावर एका बाजूला गुजराती अक्षरं काढायला मलाच तासभर लागला, 'ઝ' आणि 'ભ' तर दोनदा खोडले. पार्सल सोमवारी टाकलंय. मावशीला अजून कळवलेलं नाही.